वरच्या साहेबांची पुडी

मला आता पोटं नकोशी झालीत. खरं सांगते. सकाळी साडेआठला दुकानाचं शटर वर करते आणि तिथपासून संध्याकाळपर्यंत दुसरा विषय नाही. कुणाचं फुगलंय, कुणाचं साफ होत नाही, कुणाचं दिवसातून सात वेळा साफ होतंय, कुणाला डावीकडे कळ येते, कुणाला नेमकी साहेबासमोर उभं राहिल्यावर येते. ऐकून ऐकून कान किटले. लोकांना वाटतं, वाळलेल्या पानांचं दुकान म्हणजे किती निवांत काम, दिवसभर सुगंधात बसायचं. या म्हणावं एक दिवस माझ्या जागेवर. संध्याकाळी पायांना सूज न येता उठलात तर मला सांगा.

दुकान वडिलांचं. बोळकंडीसारखं लांबट, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काउंटर आणि त्यामागे भिंतभर लाकडी खण: बडीशेप, पुदिना, सुंठ, ज्येष्ठमध, इसबगोल, आणि अशा पन्नास गोष्टी. मागच्या खोलीत गोणी, खल आणि माझी चहाची शेगडी. तिथून गल्लीत उघडणारं एक दार आहे. गिऱ्हाईक पुढून येतं, घरचं माणूस मागून येतं. हा काही कुणी केलेला कायदा नाही, पण लहानपणापासून तसंच चालत आलं.

काउंटरच्या आतल्या अंगाला, फक्त विकणाऱ्यालाच दिसेल असं, वडिलांनी निळ्या रंगानं तीन प्रश्न लिहून ठेवलेत. शौचाला रक्त पडतं का? मनात नसताना वजन उतरलंय का? दुखण्यानं झोपेतून जाग येते का? पोटासाठी काहीही मागायला माणूस आला की आधी हे तीन विचारायचे. तिन्हीला नाही म्हणाला तर पुडी बांधायची. एकालाही हो म्हणाला तर पुडी नाही, सरळ डॉक्टरचा रस्ता दाखवायचा. कितीही गयावया केली तरी.

हे असं उगीच सुचलेलं नव्हतं. मी तेरा-चौदा वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची बायको सहा महिने पुदिना नेत होती. गुणही येत होता तिला. मग एक दिवस बेकरीवाला स्वतः आला, आणि पुदिना नको म्हणाला, ती गेली म्हणाला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुठूनतरी निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि काउंटरखाली उकिडवं बसून ते लिहीत बसले. मी कंदील धरला होता. शेजारी माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा, बडीशेपेच्या गोणीवर पालथा पडून अक्षरं लावत होता. 'रक्त' हा शब्द त्यानं पहिल्यांदा तिथं वाचला.

सांगायचंय ते त्याच्याबद्दलच.

आई लवकर गेली, तेव्हा त्याला मीच वाढवला म्हणा ना. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, कारण आधी त्याची शाळा होती, मग वडिलांचं आजारपण, मग माझंच वय. तो मोठा झाला की दुकान सांभाळेल असं सगळे धरून चालले होते. तो चोविसाव्या वर्षी म्हणाला, "ताई, मला खाली बसून माणसांची पोटं ऐकायची नाहीत," आणि गेला तो थेट बांधकामावरच्या टॉवर क्रेनवर जाऊन बसला. उंच म्हणजे किती उंच! दोनशे बारा पायऱ्यांची उभी शिडी. वर काचेची एक केबिन, त्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि एक वायरलेस. सकाळी चढला की दुपारी उतरायचं, परत चढला की संध्याकाळी. खालची माणसं त्याला 'वरचे साहेब' म्हणायची. कुणी काही विचारलं की हे आभाळाकडे बोट दाखवणार, "वरच्या साहेबांना विचारा!" मला पहिल्यांदा कळलंच नाही, मला वाटलं हे देवाबद्दल बोलतायत.

एकदा मीही बघायला गेले होते. खालून मान मोडेस्तोवर वर बघितलं, तर काचेमागं नखाएवढं काहीतरी हललं. तो हात हलवत होता. पाच टनाची तुळई त्यानं अशी अलगद खाली ठेवली की धूळसुद्धा उडाली नाही. शेजारी उभा असलेला गवंडी मला म्हणाला, "बाई, तुमच्या भावाचा हात म्हणजे सोनं आहे." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन मी त्याला ते सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसला असता.

आणि अशा माणसाच्या मागं पोट लागावं? छत्तिसाव्या वर्षी सुरू झालं. कळ यायची ती मुरडा घालूनच, आणि मग थांबायची सोय नाही. दोनशे बारा पायऱ्या उतरायला वेळ लागतो, आणि पोट काही वायरलेसवर कळवून येत नाही. तेव्हा त्यानं डॉक्टर केले, मोठ्या दवाखान्यात नळी घालून आतून बघितलं, रक्त, लघवी, सगळं केलं. सगळं स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, आतडं चिडकं आहे, जखम नाही, गाठ नाही, जिवाला धोका नाही, पण त्रास मात्र खरा आहे. जन्माचं दुखणं, सांभाळून राहा.

मग आला माझ्याकडे. मागच्या दारानं.

मी काय काय नाही दिलं त्याला! इसबगोल दिलं तर शहाण्यानं घोटभर पाण्यात घेतलं आणि ते घशातच फुगून बसलं, खोकून खोकून डोळे बाहेर यायची पाळी. "अरे, मोठा पेला पाणी प्यायचं असतं त्यावर!" म्हणून मी ओरडले, तर म्हणतो, "पेलाभर पाणी प्यायलो तर वर बसून करू काय?" तेही खरंच. मग सुंठ दिली, तिनं छातीत जळजळ झाली. बडीशेपेनं गॅस कमी झाला, कळ तशीच. शेवटी पेपरमिंटच्या तेलाच्या त्या गोळ्या आणल्या, वर जाड आवरण असलेल्या, पोटात न विरघळता खाली आतड्यात गेल्यावर फुटतात त्या. जेवणाआधी अर्धा तास, अख्खी गिळायची. त्यानं पहिलीच चावली. "ताई, नाकातून थंड वारा येतोय गं!" करत दिवसभर ढेकरा देत फिरला. दुसऱ्या दिवसापासून नीट घेतली आणि पंधरा दिवसांत कळ निम्म्यावर आली. गेली नाही, निम्म्यावर आली. मी कुणालाही एवढंच सांगते, पानाफुलांनी जेवढं होतं तेवढंच होतं, त्यापुढं माझे पाय धरून उपयोग नाही.

तेव्हापासून शनिवारची पुडी सुरू झाली. वाळलेला पुदिना आणि बडीशेप चहाला, इसबगोलचा डबा, वर दोऱ्यानं बांधलेली गोळ्यांची पट्टी. शनिवारी सकाळीच बांधून मागच्या खोलीतल्या खिळ्याला लटकवून ठेवायची. तो दुपारी कामावरून सुटला की मागच्या दारानं यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, खिळ्यावरची पुडी काढायचा.

"कसं आहे?" मी विचारायची.

"तेच," तो म्हणायचा.

सतरा वर्षं! दर शनिवारी हेच दोन शब्द मी विचारले आणि हाच एक शब्द त्यानं सांगितला. त्यात मला काही खोट दिसली नाही. उलट बरं वाटायचं, की तेच आहे, नवीन काही नाही.

त्यानंतर तो येईनासा झाला. आधी एक शनिवार चुकला, मग दोन, मग त्याची बायकोच यायला लागली. माझी भावजय स्वभावानं गरीब, कुणाला उलटून बोलायची नाही. मागच्या दारात चप्पल काढून उभी राहायची आणि म्हणायची, "वन्सं, यांनी पुडी मागितलीय."

"त्याचे पाय मोडलेत का?"

"दमतात हो. आल्यावर पडूनच असतात."

"दमणारच! चोपन्न वर्षांचा झाला, अजून माकडासारखा शिड्या चढतोय. सोड म्हणावं आता."

ती नुसती हसायची. मी रागावलेलीच असायची त्याच्यावर. मला वाटायचं, बहीण म्हातारी झाली, दुकानात एकटी मरतेय, आणि याला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं येववत नाही. मनातल्या मनात बोटं मोडायची मी. आणि पुडी बांधताना पुदिना मात्र मूठभर जास्तच घालायची.

मग भावजय एकाच्या जागी दोन पुड्या मागायला लागली. "गोळ्यांची पट्टी चार दिवसांत संपते," म्हणाली. गिऱ्हाइकानं असं सांगितलं असतं तर मी कान टवकारले असते. ही म्हणाली तर मी दोन बांधल्या आणि वर चिडून म्हटलं, "खाण्यात काहीतरी अबरचबर चाललंय त्याचं, लक्ष ठेव." बिचारी हो म्हणाली. तिला काय ठाऊक असणार, तो तिच्याशी तरी कुठं धड बोलायचा.

एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते, तर हा पठ्ठ्या जेवताना दोनदा उठून गेला. परत आला तेव्हा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मी थट्टा केली, "काय रे, वरून उतरलास तरी खाली-वर चालूच का?" तो हसला. त्याच्या पट्ट्याचं टोक कमरेवरून पुढं हातभर लोंबत होतं आणि पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती, ओबडधोबड, तीन. मी ती पाहिली. पाहिली म्हणजे डोळ्यांनी पाहिली. मनात आलं की या वयात पोट उतरलंय, चांगलंय, नाहीतर त्याच्या वयाचे सगळे घागरीसारखे सुटलेत. दिवसाला वीस अनोळखी माणसांना मी वजनाचं विचारते, अंगावरचे कपडे ढगळ दिसले तर खोदून खोदून विचारते. स्वतःच्या भावाच्या पट्ट्याची भोकं मोजली आणि भात वाढून घेतला.

मग आला तो मंगळवार. दुपारी बाराच्या सुमाराची गोष्ट. काउंटरसमोर दोन गिऱ्हाइकं होती, एक शाळेतली शिपाईबाई आणि तिच्यामागं आमचे नेहमीचे निवृत्त पोस्टमन. आणि त्यांच्यामागं तिसरा माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीमागं ऊन असल्यामुळं मला आधी नीट दिसलं नाही. मग बघते तर माझा भाऊ. अंगात कामावरचे कपडे, कमरेला क्रेनवरचा सुरक्षापट्टा तसाच, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"अगंबाई! तू? आणि पुढून काय येतोस? ये आत, चहा टाकते."

"नको," तो म्हणाला. "इथंच उभा राहतो. नंबर लागू दे."

"काय नाटक आहे रे हे?"

"लागू दे ना ताई."

पोस्टमन म्हणाले, "या साहेब, तुम्ही आधी घ्या, आपलं काय, रिकामं काम." तर हा तेही ऐकेना. मी खांदे उडवले. म्हटलं उन्हानं डोकं फिरलंय याचं.

शिपाईबाईला पोटात मुरडा येत होता. मी तिला माझ्या रोजच्या सुरात विचारलं, रक्त पडतं का, वजन उतरलंय का, झोपेतून जाग येते का. ती नाही, नाही, नाही म्हणाली, आणि वर "जाग कसली, बोंबललं तरी उठत नाही मी" म्हणाली. तिला पुदिना आणि बडीशेप बांधून दिली. पोस्टमनांना विचारलं. ते गेली सात वर्षं दर महिन्याला येतात, तरी दर महिन्याला विचारते. ते दर महिन्याला वैतागतात. "बाई, तुम्ही मला मारल्याशिवाय सोडणार नाही," म्हणाले, पण तिन्ही उत्तरं नीट दिली आणि इसबगोल घेऊन बाजूच्या बाकावर टेकले, दम खायला. भाऊ उभा राहून सगळं ऐकत होता. खालच्या ओठावर वरचे दात दाबून. लहानपणी पाढे म्हणायची पाळी यायच्या आधी तो असाच करायचा.

मग त्याचा नंबर लागला.

"बोला साहेब," मी म्हटलं, "काय सेवा करू?"

"पुदिन्याची पुडी पाहिजे. पोट दुखतंय."

"किती दिवस झाले?"

"अठरा वर्षं."

मी हसले आणि खणाकडे वळले. मूठभर पुदिना कागदावर काढला सुद्धा. तर मागून टकटक असा आवाज आला. तो बाहेरच्या बाजूनं काउंटरच्या लाकडावर बोटाच्या पेरानं वाजवत होता. नेमक्या त्या जागी, जिथं आतून वडिलांची निळी अक्षरं आहेत.

"ताई, विचार ना," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारतेस ते."

हातातला कागद मी खाली ठेवला. अक्षरं पाठ आहेत मला, पन्नास वर्षं समोर आहेत, पण मी खाली वाकून वाचूनच विचारलं. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"रक्त पडतं का?"

"हो."

"वजन उतरलंय का?"

"हो. सतरा किलो."

"दुखण्यानं झोपेतून जाग येते का?"

"रोज."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

मग मला जो संताप आला! मी पोस्टमनांची पर्वा केली नाही, रस्त्यावरच्या माणसांची केली नाही. "गाढवा! मूर्खा! दोन वर्षं अंगावर काढलंस? याच दुकानात वाढलास ना तू? या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला शिकलास ना? बेकरीवाल्याची बायको विसरलास? मला सांगितलं का नाहीस?"

तो शांतपणे म्हणाला, "तू विचारलं नाहीस."

पोस्टमन उठून हळूच बाहेर गेले.

मग त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. सुरुवातीला रक्त दिसलं तेव्हा त्याला वाटलं, मूळव्याध असेल. मग कळलं की ते नाही. कामावर दरवर्षी तपासणीचा कागद भरावा लागतो, डॉक्टरनं एक ओळ लिहिली की क्रेन बंद. "खाली उतरवला असता मला ताई. खाली मी काय केलं असतं? वर कुणी काही विचारत नाही." म्हणून त्यानं ठरवलं, आपणहून सांगायचं नाही. पण विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. एवढं त्याचं स्वतःशी ठरलेलं. "दर शनिवारी येताना वाटायचं, आज ताई विचारेल. विचारलं की सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. तू म्हणायचीस, कसं आहे. त्याला मी काय सांगणार? मग यायचंच बंद केलं. हिला पाठवलं. वाटलं, हिला तरी विचारशील."

"मग आज कशाला आलास?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

आज सकाळी वर असताना त्याला घेरी आली होती. हुकाला तीन टनाचा काँक्रीटचा तुकडा टांगलेला, आणि खाली पाच माणसं. डोळ्यांपुढं अंधार झाला. किती वेळ गेला त्याला माहीत नाही. शुद्धीवर आला तेव्हा तुकडा हवेत हेलकावे खात होता आणि वायरलेसवर कुणीतरी हसत विचारत होतं, "काय वरचे साहेब, झोप लागली का?" त्यानं दात आवळून तुकडा जमिनीला लावला. मग दोनशे बारा पायऱ्या उतरला, मध्ये मध्ये बसत. आणि कुणाशी काही न बोलता सरळ दुकानात आला.

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "खाली पाचजण होते गं."

मी काउंटरची फळी उचलून पलीकडे गेले, गिऱ्हाइकांच्या बाजूला. तिथून दुकान कसं दिसतं ते मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्याचा तो जाड पट्टा सोडवायला गेले तर माझ्या हाताला त्याची कंबर लागली. लहानपणी त्याला न्हाऊ घालायची ना, तशीच बरगडी न बरगडी लागली. मी दार ओढलं, शटर खाली केलं. वडील गेले त्यानंतर भर दुपारी दुकान बंद झालं ते तेव्हाच. कागदावर काढलेला पुदिना दोन दिवस तसाच काउंटरवर पडून होता.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर. तिनं त्याला समोर बसवलं आणि विचारलं, रक्त पडतं का, वजन उतरलंय का, झोपेतून जाग येते का. त्याच क्रमानं! भाऊ माझ्याकडे बघून हसला. मला हसू येईना. मी तिला सांगितलं की मी त्याला अठरा वर्षं पेपरमिंट देत होते, त्यानंच हे झालं का? ती म्हणाली, नाही हो, त्यानं असं होत नाही, चिडक्या आतड्याला त्याचा उपयोगच होतो, आम्हीही देतो कितीकांना. पण त्याचं जुनं दुखणं वेगळं आणि हे नवीन वेगळं. जुन्याच्या आड नवीन लपून बसलं. मग ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच..." आणि पुढं न बोलता कागद चाळत बसली. माणूस चांगली आहे ती.

म्हणजे पुदिन्याची चूक नाही. पुदिन्यानं आपलं काम केलं. मी माझं केलं नाही.

गाठ निघाली. आतड्याचा वीतभर तुकडा काढून टाकला, मग औषधं सुरू झाली, केस गेले, तोंड आलं, परत केस आले. मध्ये चार महिने असे गेले की आम्हाला वाटलं, सुटलो. तो दुकानात येऊन बसायला लागला होता, माझ्या खणांच्या चिठ्ठ्या नवीन लिहून दिल्या त्यानं, सुवाच्य. मग मागच्या तपासणीत यकृतावर दिसलं. डॉक्टरीणबाईंनी भावजयीला आणि मला बाहेर बोलावून सगळं नीट समजावलं. मी विचारलं, पथ्य काय? त्या म्हणाल्या, "आता पथ्य नाही. दुखण्यावर औषध मी देतेच आहे. बाकी त्यांना जे घ्यावंसं वाटेल ते द्या." मी विचारलं, पुदिना? त्या म्हणाल्या, "पुदिन्याचा चहा? हो, द्या ना." भावजय भिंतीला टेकून खाली बसली. मी उभीच राहिले, माझे पाय सवयीचे आहेत.

आता तो दर शनिवारी येतो. भावजय रिक्षातून आणते. मागच्या दारानं यायला जवळ पडतं, पायरीही नाही, पण ऐकत नाही. पुढूनच येणार. माणसं असली तर त्यांच्या मागं उभा राहणार. मी एक स्टूल ठेवलंय गिऱ्हाइकांच्या बाजूला, त्यावर बसतो आणि स्टुलासकट एकेक पाऊल पुढं सरकतो. पोस्टमनांनी एकदा त्याला जागा देऊ केली तर म्हणाला, "काका, नंबर म्हणजे नंबर." आणि मी कंटाळून नुसतीच पुडी पुढं केली तर हात लावत नाही. "विचारल्याशिवाय देऊ नकोस," म्हणतो.

काल शनिवार होता. गर्दी नव्हती. तो आला, बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. भावजय दाराशी उभी होती, पदराशी चाळा करत. माझे पाय काल फार दुखत होते, कंबर धरली होती, आणि मला खरोखर काही विचारायची ताकद नव्हती. तरी विचारलं.

"रक्त पडतं का?"

"हो."

"वजन उतरलंय का?"

"हो."

"दुखण्यानं झोपेतून जाग येते का?"

"नाही," तो म्हणाला.

मी मान वर करून बघितलं.

"लागतच नाही गं झोप," तो म्हणाला, "जाग कुठली येणार?" आणि स्वतःच हसायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता. मलाही हसू आलं, मग भावजयीला. आम्ही तिघं हसत होतो. मी हसता हसता डोळे पुसले, तर त्यानं हात पुढं करून काउंटरवर दोनदा वाजवलं. त्या तिथंच.

वडिलांच्या नियमानं एक हो आला तरी पुडी द्यायची नाही. पन्नास वर्षांत तो मी कुणासाठी मोडला नाही, रडणाऱ्या बायकांसाठी नाही, दमदाटी करणाऱ्यांसाठी नाही. मी खण उघडला, नवीन आलेला पुदिना मूठ भरून कागदावर घेतला, घडी घातली, दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. त्यानं पुडी नाकाशी धरली, वास घेतला, मग नीट खिशात ठेवली.

"कसं आहे?" जाताना मी सवयीनं विचारलं.

"तेच," तो म्हणाला.

दारात नवीन गिऱ्हाईक उभं होतं, पोटाला हात लावून. त्याला मी आत बोलावलं.